रिकामा रकाना आणि कोरे लेबल

संगणकात गिऱ्हाइकाची नोंद करताना नाव, वडिलांचे नाव, आडनाव, मोहल्ला, गाव, पिन कोड असे रकाने वेगवेगळे असतात. बिलावर किंवा पार्सलच्या लेबलावर मात्र हे तुकडे जोडून सलग ओळ छापावी लागते. ही जोडणी डेटाबेसला हुकूम देणाऱ्या एसक्यूएल भाषेत केली जाते. १९९२ च्या प्रमाण एसक्यूएलमध्ये त्यासाठी शेजारी-शेजारी दोन उभ्या रेघा हे चिन्ह आहे. दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागाही आपणच जोडावी लागते, नाहीतर ‘यूसुफ’ आणि ‘शेख’ यांचे ‘यूसुफशेख’ होते.

पण खरी अडचण रिकाम्या रकान्याची आहे. आपल्यातील कित्येकजण आडनाव लावत नाहीत. असा रकाना भरला नाही, तर संगणक तेथे ‘नल’ अशी नोंद ठेवू शकतो. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे ‘माहीत नाही’. माहीत असलेल्या गोष्टीला माहीत नसलेली जोडली, तर एकूण काय झाले तेही माहीत नाही, असा संगणकाचा हिशेब. त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये उभ्या रेघांनी, मायएसक्यूएलमध्ये ‘कॉन्कॅट’ने किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिक चिन्हाने जोडल्यास एका आडनावापायी पूर्ण नावच नाहीसे होते. ओरॅकल मात्र नलला रिकामे समजून बाकीचे नाव छापते. म्हणून एका ठिकाणी चाललेला हुकूम दुसरीकडे तसाच चालेल असे धरू नये.

उपाय सोपा आहे. ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ या हुकुमाला मध्ये काय घालायचे ते आधी सांगितले, की तो नल वगळून बाकीचे तुकडे जोडतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि २०१७ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो आहे.

एका गिऱ्हाइकाच्या सर्व मालाची यादी एका ओळीत हवी असेल, तर मायएसक्यूएलमध्ये ‘ग्रुप कॉन्कॅट’ वापरतात. त्याची मूळ मर्यादा १०२४ बाइट आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे सुमारे ३४१ चिन्हांनंतर यादी तुटते, आणि छापलेला कागद पाहून ते ध्यानात येत नाही. शेवटचे नग बांधायचे राहून जातात. ही मर्यादा वाढवून घेता येते.

व्यापारी बंधूंनी प्रोग्रामरचे पैसे चुकते करण्याआधी दोन नोंदी स्वतः करून पाहाव्यात: एक फक्त एकच नाव असलेल्या गिऱ्हाइकाची आणि दुसरी पन्नास नगांच्या ऑर्डरची. दोन्ही कागद पूर्ण छापले गेले, तरच काम पुरे झाले असे समजावे. आणि रकाने नेहमी वेगळेच ठेवावेत, जोडणी फक्त छापताना करावी. जोडून ठेवलेले नाव पुन्हा बिनचूक सोडवणे फार कठीण जाते.