संसार ओलीस

नोव्हाय, मिशिगन : अमेरिकेत व्यवहार चोख असतो, या समजुतीला मावळात सहसा कुणी हात लावत नाही. ठरलेला भाव, वेळेवर येणारी गाडी, लेखी पावती आणि काही वावगं झालंच तर दहा मिनिटांत दारात पोलीस. त्यामुळे इथे राहणाऱ्या, मावळातल्या इंदुरी गावच्या एका इंजिनिअरनं, घरसामान हलवणाऱ्या कंपनीनं आपला अख्खा संसार अडवून ठेवलाय असं गावी कळवलं, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीचा पहिला प्रश्न होता, "अरे, तिकडंसुद्धा?" ती त्याच वर्षी बंगळुरूहून इंदुरीला परतली होती आणि तिच्या सामानाची वाट लागून फार दिवस झाले नव्हते. "ताई, इथले लबाड आपल्याकडच्यासारखेच लबाड आहेत," तो म्हणाला, "फरक वेगळ्या ठिकाणी आहे."

डेट्रॉइटच्या आसपासची नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स ही गावं मोटारींवर आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांवर जगतात. चाकण-तळेगाव पट्ट्यात तयार झालेल्या इंजिनिअरला इथलं काम परकं वाटत नाही. काम संपलं की पुढचं गाव. या इंजिनिअरचं पुढचं गाव होतं साउथ कॅरोलायनातलं ग्रीनव्हिल, साधारण अकराशे किलोमीटरवर.

अमेरिकन माणूस सतत घर बदलतो हाही आपल्याकडचा एक समज. महायुद्धानंतरच्या दोन दशकांत दर वर्षी सुमारे वीस टक्के लोक घर बदलत हे खरं, पण आता ते प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास उतरलंय. शिवाय बरेच जण सामान स्वतःच हलवतात. १९४५ मध्ये सुरू झालेली यू-हॉल ही कंपनी त्यासाठी ट्रक आणि ट्रेलर भाड्यानं देते. मित्र सोफा उचलायला येतात, यजमान पिझ्झा मागवतो, आणि एरवी ऑफिसात बसणारा माणूस वीस फुटी ट्रक चालवत पुढच्या राज्यात जातो. इंदुरीच्या इंजिनिअरला दोन लहान मुलांना घेऊन हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं कंपनी शोधली.

फोनवर भाव मिळाला ३,२०० डॉलर. घर बघायला कुणी आलं नाही. आगाऊ रक्कम मोबाइलवरून लगेच मागितली. ज्यांच्याशी बोलणं झालं ते दलाल होते आणि प्रत्यक्ष ट्रक घेऊन आले ते भलतेच. ट्रकवर कंपनीचं नावही नव्हतं. सामान चढेपर्यंत सगळे गोड बोलत होते. शेवटचं खोकं आत गेलं, दार बंद झालं आणि मग मुकादमानं कागद पुढे केला : तुमच्या सामानानं ठरल्यापेक्षा जास्त जागा घेतली, आता ६,१०० डॉलर.

ही इथली नेहमीची युक्ती. लांबच्या वाहतुकीचा हिशेब सहसा वजनावर होतो, पण लबाड कंपन्या तो घनफुटांवर करतात, कारण भरलेल्या ट्रकचे घनफूट ग्राहकाला मोजता येत नाहीत. काटामारी म्हणजे काय ते मावळातल्या ऊस उत्पादकाला सांगावं लागत नाही. आपला ऊस बाहेरच्या काट्यावर तोलून आणू द्या, ही मागणी शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या. इथे घरसामानाचं वजन करताना काट्यापाशी उभं राहण्याचा आणि सामान उतरवण्याआधी ते पुन्हा फुकट तोलून घेण्याचा हक्क ग्राहकाला नियमानंच दिला आहे.

आणि हे त्याला कुठून कळतं? एका पुस्तिकेतून. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपनीनं ही सरकारी पुस्तिका ग्राहकाला देणं सक्तीचं आहे. मालवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्यानं ती सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत लिहिली आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. अंदाजपत्रक घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहून घ्या. सामान चढल्यावर कंपनीला अंदाजपत्रक बदलता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंदाज पक्का नसला, तरी दारात अंदाजाच्या ११० टक्के रक्कम दिली की सामान उतरवावंच लागतं. वरची रक्कम निघत असेल तर तिचं बिल तीस दिवसांनंतर. म्हणजे ३,२०० च्या अंदाजावर दारात द्यायचे ३,५२० डॉलर, एक सेंटही जास्त नाही.

इंजिनिअरच्या हातात ही पुस्तिका कंपनीनं दिलीच नव्हती. ती त्याला दिली डेट्रॉइटच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी, त्याही अशाच पोळल्या होत्या. त्यानं पान उघडून फोनवर वाचून दाखवलं. कंपनीनं फोन ठेवला. सामान कुठल्याशा गोदामात गेलं, आणि ग्रीनव्हिलच्या रिकाम्या घरात मुलं गाद्यांशिवाय झोपली. त्यानं केंद्रीय खात्याकडे तक्रार नोंदवली आणि तिची प्रत कंपनीला आणि दलालाला पाठवली. सोबत कायद्याचं कलम जोडलं : २००५ मध्ये घरसामान असं अडवून धरल्याबद्दल किमान दहा हजार डॉलर दंड ठरवला गेला, अडवलेला प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा धरला जातो, आणि कैद दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. मग ट्रक आला. ३,५२० डॉलर घेऊन सामान उतरलं, त्यात दोन खोकी कमी. एका खोक्यात आजीची पितळी समई होती.

समईचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. ग्राहकानं पूर्ण मूल्याचं संरक्षण नाकारलं असेल, तर कंपनीची जबाबदारी दर वस्तूला पाउंडामागे साठ सेंट एवढीच असते. पाच पाउंडांच्या समईचे तीन डॉलर. ज्या कागदांवर घाईत सह्या घेतल्या, त्यांत ही नकाराचीही सही होती.

तेव्हा अमेरिका म्हणजे रामराज्य, असं कुणी समजू नये. स्थानिक पोलिसांनी या कुटुंबाला सांगितलं, हा दिवाणी वाद आहे. केंद्रीय खातं परवाना रोखू शकतं, पण गोदामातून तुमचं सामान काढून आणून देत नाही, आणि हे ते स्वतःच सांगतं. बदनाम झालेली कंपनी नाव बदलते, नवा नोंदणी क्रमांक घेते आणि पुन्हा धंद्याला लागते. २०१८ मध्ये ओहायोच्या केंद्रीय न्यायालयात अशाच एका टोळीतल्या बारा जणांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यांनी वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या चालवून नऊशेहून अधिक ग्राहकांना लुबाडल्याचं सरकारचं म्हणणं होतं. नऊशे कुटुंबं फसेपर्यंत देशभर ट्रक फिरत होते, ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नव्हे. शिवाय हे केंद्रीय नियम राज्याची हद्द ओलांडली तरच लागू. त्याच राज्यात घर बदललं तर त्या राज्याचा कायदा, आणि तो प्रत्येक ठिकाणी निराळा.

पण ताईची हकीकत ऐकली की या पुस्तिकेचा हेवा वाटतो, आणि नंतर राग येतो. राग अमेरिकेचा नाही.

तळेगाव-चाकण रस्त्यानं इंदुरीची कळा बदलली. खंडेराव दाभाड्यांची गढी आणि तिच्यातली कडजाई देवी जिथल्या तिथे आहे, इंद्रायणी तीच आहे, पण आसपासच्या नव्या इमारतींत बंगळुरू, चेन्नई, गुरुग्रामहून माणसं येऊन राहतात. पूर्वी गावात घर हलायचं ते ओळखीच्या टेम्पोतून. टेम्पोवाला कुणाचा कोण ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि कपाटाचा आरसा फुटला तर संध्याकाळी त्याच्या वडिलांकडे जाऊन बसता यायचं. ओळखीचा हा धाक तालुक्यात चालतो. बंगळुरूपासून तो चालत नाही.

ताईनं एका संकेतस्थळावर नाव आणि मोबाइल क्रमांक भरला. काही मिनिटांत फोन सुरू झाले, कारण तिचा क्रमांक एकाच वेळी अनेक पॅकर्स-मूव्हर्सना विकला गेला होता. नावाजलेल्या कंपनीचं नाव शोधलं तरी पहिली जाहिरात दुसऱ्याचीच दिसते, हा प्रकार तर दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोचला. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव ज्यांच्या मालकीचं आहे त्या डीआरएस लॉजिस्टिक्सनं गूगलविरुद्ध दाद मागितली. १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात खंडपीठानं म्हटलं की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह जाहिरातीसाठी कीवर्ड म्हणून वापरणं हे आपोआप उल्लंघन होत नाही, पण त्यातून ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर गूगलला हात वर करता येणार नाहीत. ज्या धंद्यातल्या जुन्या कंपनीलाही आपलं नाव राखायला कोर्टाची पायरी चढावी लागते, तिथे साध्या गिऱ्हाइकानं खरं-खोटं कसं ओळखायचं?

ताईला सांगितलेला भाव बावीस हजार. सामान छोट्या टेम्पोत चढलं, कुठल्याशा गोदामात इतरांच्या सामानाबरोबर मोठ्या ट्रकमध्ये गेलं आणि मग फोन आला : गाडी कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीला अडवलीय, जीएसटी आणि चेकपोस्टचे पंधरा हजार पाठवा, नाहीतर माल इथेच उतरवतो. तिनं पाठवले. कुणीही पाठवले असते, कारण त्या ट्रकमध्ये मुलीची दहावीची पुस्तकं होती.

त्या मागणीला कसलाही आधार नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांनी विक्रीकराचे नाके उठवले. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिलसुद्धा लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. एवढं एक वाक्य ताईला आधी ठाऊक असतं तर कोगनोळीचा तो फोन तिथेच संपला असता. ते तिला कुणी सांगायचं?

फ्रिज चेपलेला, खोकी फोडलेली अशा अवस्थेत ट्रक इंदुरीत पोचला, आणि तिथे चार तरुण वाराई मागायला उभे. सामान उतरवायला हात लावायचा नाही, पैसे मात्र द्यायचे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, तो पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला दाम आणि मान मिळावा म्हणून. त्याचं नाव घेऊन चाकण-तळेगाव पट्ट्यात होणारी वसुली हा खऱ्या माथाडीचाच अपमान आहे. आपल्या गावाबद्दल हे परदेशातून लिहिताना जीव तुटतो, पण लिहायला हवं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १८६५ चा जुना कायदा रद्द करून संसदेनं २००७ मध्ये रस्त्यावरील मालवाहतुकीचा नवा कायदा केला, आणि तो २०११ पासून अमलात आहे. त्यानुसार सार्वजनिक मालवाहतूकदारानं परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करायची. माल देताना ग्राहकानं त्याचं वर्णन आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी द्यायची, आणि वाहतूकदारानं रीतसर माल पावती द्यायची. नुकसान झालं तर माल सोपवल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस. भरपाईची मर्यादा साधारणपणे भाड्याच्या दहापट, पण लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे भाडं बावीस हजार असेल तर दोन लाख वीस हजारांपर्यंत. पाउंडाला साठ सेंटपेक्षा ही तरतूद ग्राहकाला कितीतरी उदार आहे! भारतीय न्याय संहितेत मालवाहकानं केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत कैद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर राहत्या जिल्ह्यातच तक्रार करायची सोय दिली, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, आणि १९१५ या क्रमांकावर मदत मिळते. हे सगळं आहे आणि ताईसारख्या शिकल्यासवरल्या बाईला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. ठाण्यातल्या हवालदारानंही तिला कलम सांगितलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, कन्झ्युमर कोर्टात जा." मिशिगनच्या पोलिसाचंच उत्तर, मराठीत.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ज्या पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. वाहतूकदाराची नोंदणी करणाऱ्या आरटीओला एक पान मराठीत छापून प्रत्येक नोंदणीदाराला "हे ग्राहकाला द्या" म्हणायला काय अडचण आहे? पुस्तिकासुद्धा नको, पाठपोट एक कागद पुरे. नोंदणी क्रमांक बघा, मालाची किंमत लिहा, पावतीशिवाय सामान चढवू देऊ नका, वाटेत कर मागितला तर देऊ नका, १८० दिवसांत नोटीस पाठवा.

भावानं ग्रीनव्हिलहून असा कागद लिहून पाठवला. ताईनं त्यात वाराईचा एक मुद्दा स्वतःच्या हातानं वाढवला आणि सोसायटीच्या फाटकाशी लावला. रखवालदार आता सामानाच्या प्रत्येक ट्रकचा क्रमांक आणि माल पावतीचा क्रमांक वहीत टिपतो. तिची स्वतःची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल झाली आहे. पावतीवरच्या बंगळुरूच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत आली, त्यामुळे ज्या खात्यात पंधरा हजार गेले त्या खातेदाराचा पत्ता बँकेकडून मिळवायचा अर्ज तिनं दिलाय. आणि कागदाची प्रत मागायला आलेल्या शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला विचारलं, "ताई, हा कागद आरटीओनं का नाही काढला?"