लेकीची जोडकमाई आणि प्राप्तिकराचा वाटा

शेतकऱ्याच्या घराला जोडधंदा नवा नाही. शेतीला जोडून दोन म्हशी असतात, परसात कोंबड्या असतात, हंगाम नसेल तेव्हा कोणी शिवणयंत्र चालवते. एका पिकाने दगा दिला तर दुसऱ्या पैशावर घर तरते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हीच रीत आता शहरात नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींनी उचलली आहे. दिवसा कंपनीत काम करायचे आणि रात्री जेवणानंतर दुसऱ्या कोणाचे नकाशे काढून द्यायचे, हिशेब लिहून द्यायचे, नाहीतर संगणकाचा प्रोग्रॅम करून द्यायचा. काम घरी बसून होते आणि पैसा थेट बँकेत येतो.

हा पैसा कष्टाचा आहे, त्याचे कौतुकच आहे. परंतु त्यात सरकारचाही वाटा असतो, आणि तो पुष्कळदा पैसे खर्च होऊन गेल्यावर कळतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे. आपल्या घरात कोणी असे काम करीत असेल तर हा लेख त्याला किंवा तिला जरूर वाचून दाखवा.

एका घराचे उदाहरण

समजा, एका घरची लेक इंजिनिअर होऊन नाशिकला कंपनीत नोकरी करते. वर्षाचा पगार ११ लाख ७५ हजार रुपये. कंपनी तिच्या पगारातून प्राप्तिकराचा एक पैसाही कापत नाही. हे बरोबरच आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत पगारदाराला ७५ हजारांची ठोक वजावट मिळते. ती गेल्यावर तिचे उत्पन्न ११ लाख उरते, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो.

ही मुलगी रात्री बसून पुण्याच्या एका कारखान्याला यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करून देते. त्याचे वर्षात ४ लाख रुपये झाले. कारखान्याने त्यातून १० टक्के, म्हणजे ४० हजार रुपये टीडीएस म्हणून कापून सरकारात भरले आणि ३ लाख ६० हजार तिच्या खात्यावर जमा केले. मुलगी गुणाची. तिने ते पैसे गावी पाठविले. विहिरीवर नवी मोटार बसली, पाइपलाइन झाली, धाकट्या भावाची कॉलेजची फी गेली. सगळ्यांचा समज असा की कर कापून आलेला पैसा आहे, आता त्याला कोणी विचारणार नाही.

आता खरा हिशेब पाहा. इंजिनिअरसारख्या व्यावसायिकाला कायद्याने एक सोय दिली आहे. आलेल्या रकमेतील निम्मी रक्कम नफा धरायची, उरलेली खर्चापोटी सोडून द्यायची. म्हणजे ४ लाखांतले २ लाख उत्पन्न. ते पगाराच्या ११ लाखांवर चढले आणि एकूण १३ लाख झाले. १२ लाखांची हद्द ओलांडली आणि पूर्ण सूट गेली. मग पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार आणि शेवटच्या १ लाखावर १५ टक्क्यांनी १५ हजार. बेरीज ७५ हजार. त्यावर ४ टक्के उपकर ३ हजार. एकूण ७८ हजार रुपये.

कापले गेले होते ४० हजार. राहिले ३८ हजार. आणि ते मागायची वेळ आली जुलैत, म्हणजे खताची आणि खुरपणीची मजुरी देण्याच्या दिवसांत, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतोच. मोटार काही परत करता येत नाही. मग उसनवारी करायची किंवा गोठ्याकडे पाहायचे.

चूक कोठे झाली?

मुलीने काही लपविले नाही, कोणाला फसविले नाही. चूक एवढीच की टीडीएस म्हणजे पूर्ण कर असे तिने समजले. टीडीएस ही केवळ उचल असते. कारखान्याला तिचा पगार किती हे ठाऊक नसते, आणि कंपनीला तिचे जोडकाम ठाऊक नसते. दोघेही आपापल्यापुरते कापतात. दोन्ही उत्पन्ने एकत्र मांडण्याचे काम तिचेच.

दुसरा एक गैरसमज असाच आहे. २०२५-२६ मध्ये एका देणाऱ्याकडून वर्षात ५० हजारांपर्यंत व्यावसायिक फी मिळाली तर टीडीएस कापला जात नाही. कापला नाही म्हणजे तो पैसा करमुक्त, असे कोणी धरू नये. तोही उत्पन्नात दाखवायचाच असतो.

बी आधी बाजूला

खळ्यावर धान्य आले की आपण पहिल्यांदा काय करतो? पुढच्या पेरणीचे बी बाजूला काढतो. घरात कितीही नड असली तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावीत नाही. जोडकमाईतला कराचा वाटा हा असाच आहे. पैसे ज्या दिवशी खात्यावर आले त्याच दिवशी तो वेगळ्या बचत खात्यात टाकावा. मार्च आला की पाहू, असे म्हटले की तो खर्च झालाच म्हणून समजा.

वाटा किती काढावा? वरच्या उदाहरणात शंभर रुपयांच्या बिलामागे साडेएकोणीस रुपये कर बसला. दहा कापले गेले होते, आणखी दहा तिने बाजूला टाकले असते तर पुरले असते. निम्मा नफा धरण्याची सोय ज्यांना आहे त्यांनी टीडीएस धरून शंभरातले वीस रुपये आपले नाहीत असे मानून चालावे. मात्र ज्यांचा पगार १२ लाखांच्या अगदी काठावर आहे, त्यांनी एवढ्यावर विसंबू नये. त्यांची हद्द थोडक्या कमाईने ओलांडली जाते. अशा वेळी १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न गेले त्याहून अधिक कर उपकर सोडून लागू नये, एवढी सवलत कायद्यात आहे. तरीही वरची बहुतेक कमाई करात जाऊ शकते. त्यांनी काम घेण्यापूर्वीच करसल्लागाराकडून आकडेमोड करून घ्यावी.

निम्म्या नफ्याची सोय सर्वांना नाही. वकिली, वैद्यकी, इंजिनिअरी, वास्तुरचना, हिशेबनिशी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान अशा ठरलेल्या व्यवसायांना ती आहे. विमा एजन्सीसारख्या कमिशनच्या कमाईला ती मिळत नाही. तेथे खरा खर्च पावत्यांनिशी दाखवावा लागतो. व्यावसायिकाला निम्म्याहून कमी नफा दाखवायचा असेल तर हिशेबाच्या वह्या ठेवून त्या तपासून घेणेही आले.

१५ मार्च ध्यानात ठेवा

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून अधिक राहत असेल तर तो वर्ष संपण्यापूर्वीच भरायचा असतो. यास आगाऊ कर म्हणतात. एरवी त्याचे चार हप्ते आहेत: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. निम्मा नफा धरणाऱ्यांना सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरता येते. चुकल्यास महिन्याला १ टक्का व्याज. आपल्या उदाहरणातील मुलीने ३८ हजार जुलैत भरले तर मार्चचा हप्ता चुकल्याचे ३८० आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे १,५२०, असे १,९०० रुपये व्याज पडेल. रक्कम मोठी नाही, पण एका मजुराची काही दिवसांची मजुरी झालीच.

हा घोर नको असेल तर आणखी एक वाट आहे. आपले इतर उत्पन्न नोकरीच्या ठिकाणी लेखी कळविले तर कंपनी त्याचाही कर दरमहा पगारातून कापू शकते. अर्थात त्यासाठी जोडकाम कंपनीला माहीत असले पाहिजे. नेमणुकीच्या पत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, हे आधी वाचावे. सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा वा दुसरी नोकरी करता येत नाही. शिक्षकांना तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने खासगी शिकवणीस मनाई आहे. कर भरला म्हणून मनाई असलेले काम चालते असे होत नाही.

‘शेतीत दाखवून टाका’

हा सल्ला पारावर हमखास मिळतो. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, मग जोडकामाचे पैसे शेतीत दाखवून टाका! वाचकहो, या सल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. कारखान्याने कापलेला टीडीएस मुलीच्या पॅन क्रमांकावर नोंदलेला असतो, आणि तो कोणत्या कामापोटी कापला हेही तेथे दिसते. शेतीचे म्हणाल तर सातबारा, पीकपाहणी आणि बाजार समितीतील हिशेबपट्टी विचारली जाते. जाणूनबुजून चुकीचे उत्पन्न दाखविले तर बुडविलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. शिवाय अशा लबाडीने खऱ्या शेतकऱ्याच्या सवलतीवरच बोट ठेवले जाते.

खरे शेतीचे उत्पन्न असेल तर ते मात्र दाखवावे. सातबारा वडिलांच्या नावे असेल तर ते वडिलांचे. मुलीच्या नावे जमीन असून तिला शेतीतून १ लाख मिळाले, तर त्या लाखावर थेट कर नाही. पण शेतीचे उत्पन्न ५ हजारांवर गेले की इतर उत्पन्नाचा दर ठरविताना ते हिशेबात धरतात. वरच्या उदाहरणात ७८ हजारांचे ८८ हजार ४०० होतील. दूध आणि कोंबड्या यांची कमाई तर प्राप्तिकराच्या हिशेबी शेतीत मोडतच नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

कागद कोणते ठेवावेत?

प्रत्येक कामाचे क्रमांक घालून बिल करावे. जोडकामाचे पैसे एकाच बँक खात्यात घ्यावेत. विवरणपत्र भरण्यापूर्वी प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर ‘२६ एएस’ आणि वार्षिक माहितीपत्रक उघडून कापलेला कर जमा झाला आहे ना, हे पाहावे. पगारदाराचे नेहमीचे ‘सहज’ विवरणपत्र येथे चालत नाही. निम्मा नफा धरणाऱ्याने ‘सुगम’ भरावे, आणि शेतीचे उत्पन्न ५ हजारांहून अधिक असेल तर आयटीआर-३. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला जुनी आणि नवी करपद्धत दरवर्षी मनाप्रमाणे बदलता येत नाही, म्हणून ती निवड विचारून करावी. जोडकामाची वर्षाची रक्कम २० लाखांवर जाण्याची चिन्हे दिसली तर जीएसटीची नोंदणीही पाहावी लागेल.

येथील दर आणि आकडे २०२५-२६ चे आहेत. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक निराळे आहेत. म्हणून त्या वर्षापासूनचे दर आणि मुदती पाहूनच पुढचा हिशेब करावा.

घरच्या वडीलधाऱ्यांना शेवटी एक विनंती. लेकीने किंवा लेकाने पैसे पाठविले की आनंद जरूर माना. पण एकदा विचारा, ‘बाळ, यातला कराचा वाटा काढून ठेवलास ना?’ काढला नसेल तर तेवढे पैसे परत पाठवा. मोटार पुढच्या वर्षी घेता येईल. रात्री जागून मिळविलेल्या कमाईपायी कर्ज काढायची पाळी मात्र पोरांवर येऊ देऊ नका.