शेटे-महाजनांचे अर्ज आणि लातूर-नांदेडच्या पेठा

व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या आपण जतन करितों त्या बहुधा भाव, तोल व नाणीं यांच्या अभ्यासासाठीं. परंतु त्याच दप्तरांत व्यापाऱ्यांनीं सरकारकडे केलेले अर्ज व त्यांवरील हुकूमही सांपडतात. ते राज्यव्यवहाराच्या इतिहासाचें मोलाचें साधन होत, हें पुष्कळदां ध्यानांत येत नाहीं. म्हणून त्यांविषयीं येथें थोडें लिहितों.

वणिक्समूहानें एकत्र जमून राजापाशीं मागणें मागावें, ही चाल फार जुनी आहे. नैगम, श्रेणी इत्यादि समूहांचे नियम राजानें राखावे, असें नारदस्मृति सांगते. हें शास्त्र झालें. व्यवहार पाहावयाचा तर इ. स. ५९२ चें विष्णुषेणाचें स्थितिपत्र पाहावें. गुजराथ-काठेवाडाकडील हा ताम्रपट वणिग्ग्रामाच्या विनंतीवरून दिलेला असून त्यांत ७२ कलमें आहेत. निपुत्रिकाचें धन सरकारांत घेऊं नये, राजपुरुषानें उंबरा मोडून घरांत शिरूं नये, हीं त्यांतील अगदीं प्रारंभींचीं. व्यापाऱ्यांस कशाचें भय होतें, हें यावरून कळतें.

मागणें न ऐकिलें तर दुसरा उपाय स्थलत्यागाचा. इ. स. १६६९ त सुरतेचे वाणी काझीच्या जाचास कंटाळून हजारोंनीं भडोचास निघून गेले. मराठी अमलांत नवी पेठ वसवितांना कौल देऊन कांहीं वर्षें कर माफ करीत, त्याचेंही मर्म हेंच. उदमी उठून गेला कीं पेठ मोडते, हें उभय पक्षांस ठाऊक असे. पेठेच्या वतीनें बोलत ते शेटे व महाजन. महजरावर पाटलाचा जसा नांगर, तशी शेट्याची तागडी; संग्राहकांनीं ही निशाणी ओळखून ठेवावी.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. पैठण व तगर येथील माल भडोचास जात असे, असें पेरिप्लसकार लिहितो. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तें लातुराहून फार दूर नाहीं. लातूर व नांदेड इ. स. १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतीं. तेथील सरकारी कागद उर्दूंत व वर्ष फसली. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारणतः निघतो. फसली १३३९, म्हणजे इ. स. १९३० च्या सुमारास, त्या राज्यांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. अडत व तोलाई यांवर त्यामुळें सरकारी नियम आले. अशा प्रसंगींचे अर्ज वाचतांना एक सावधगिरी बाळगावी. अर्ज हा एका पक्षाचा कागद होय. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचें गाऱ्हाणें त्यांत मिळावयाचें नाहीं.

पुढें संघटनेचें रूप पालटलें. मुंबईस इ. स. १९२७ त महाराष्ट्र चेंबर व पुण्यास इ. स. १९३४ त मराठा चेंबर निघालें. नांदेडास इ. स. १९९७ त व लातुरास इ. स. २०११ त महानगरपालिका झाली. महानगरपालिकांत जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला, तेव्हां इ. स. २०१३ त राज्यभर व्यापाऱ्यांनीं निवेदनें दिलीं व दुकानें बंद ठेविलीं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी वार्षिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांस तो माफ झाला. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर उरलाही गेला. विनंती, बाजार बंद आणि माफी, हा क्रम जुनाच. भेद इतकाच कीं, पूर्वीं कौल एका पेठेपुरता असे, आतां निर्णय साऱ्या राज्यास लागू होतो. आणि उठून जाण्याऐवजीं दुकान मिटून बसावें लागतें.

या दोन्ही काळांचे कागद आज सारख्याच वेगानें रद्दींत जात आहेत. वही टिकाऊ म्हणून राहते, सुटा अर्ज जातो. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, रुमाल मिळेल तसा ठेवावा, त्यांतील कागद वेगळे करून वांटूं नयेत. अर्जापासून हुकूम तुटला, म्हणजे मागणें कळतें, पण त्याचें काय झालें हें कायमचें हरवतें.