शेताचे भूखंड होताना

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस म्हसवड गावी श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो. दूरदूरच्या गावांहून आलेले भाविक तो ओढीत असतात आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण चालू असते. एवढा मोठा रथ पुढे सरकावयाचा म्हणजे दोन गोष्टी लागतात : ओढणारे हात आणि मोकळी वाट. हात भक्तीने मिळतात. वाट मात्र आधीपासून मोकळी राखलेली असावी लागते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील या गावाच्या कडेने, एके काळी ज्वारी-बाजरी पिकणाऱ्या शेतांत घरे उभी राहू लागली, की हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. उद्याच्या वस्तीसाठी वाट कोणी सोडावयाची, आणि ती सोडली आहे की नाही हे पाहावयाचे कोणी?

हे पाहण्याचे काम कायद्याने नगरपरिषदेकडे सोपविले आहे. शेताचे भूखंड पाडण्यापूर्वी मालकाने त्याचा नकाशा सादर करून तो मंजूर करून घ्यावयाचा असतो. यालाच रेखांकनाची मंजुरी म्हणतात. बोलण्यात ‘लेआउट’ हाच शब्द रूढ आहे. पुष्कळांना ही निव्वळ सरकारी कटकट वाटते. शेत आपले, घेणारा राजी, मग तिसऱ्याची संमती कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते. १८९६ साली त्या शहरात प्लेगची साथ आली आणि हवा-उजेड नसलेल्या दाट वस्त्यांत तिने हाहाकार केला. त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. भरल्या वस्तीतून रस्ता काढावयाचा तर घरे पाडावी लागतात आणि माणसे उठवावी लागतात, हा अनुभव ट्रस्टला आला. उलट दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आधी रस्ते आखून मग भूखंड देता आले. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील तशा प्रकारचा तो पहिलाच कायदा होय. आज त्याच्या जागी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे, आणि २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित नियमावलीही मंजूर झाली.

नियम कसा चालतो हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या शेतकऱ्याचे गावालगत एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, शेत आहे अशी कल्पना करावी. चौरस मीटरांत हे क्षेत्र ४,०४७ भरते. क्षेत्र ४,००० चौरस मीटरांहून अधिक असल्यामुळे दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर, सर्वांच्या वापरासाठी मोकळा ठेवावा लागतो. शेत साधारण चौकोनी असून मधून नऊ मीटर रुंदीचा एकच रस्ता काढला, तर त्यात आणखी सुमारे ५७० चौरस मीटर जातात. चाळीस गुंठ्यांतले जवळजवळ दहा गुंठे असे विक्रीबाहेर पडतात. उरलेल्या तीस गुंठ्यांत दीडशे चौरस मीटरांचे वीस भूखंड बसतात. मालकाला ते दहा गुंठे डोळ्यांत सलतात. परंतु वीस कुटुंबांच्या दारात पाण्याची गाडी, आजाऱ्याची गाडी आणि अखेरची यात्रा पोहोचावयाची ती त्याच दहा गुंठ्यांच्या जोरावर!

अर्जासोबत सातबारा, मोजणीचा नकाशा आणि प्रस्तावित रेखांकन जोडावयाचे असते. निर्णयाचा अधिकार मुख्याधिकारी चालवितात. लहान नगरपरिषदांत रेखांकनाच्या बाबतीत शासनाच्या नगररचना शाखेचा सल्ला महत्त्वाचा ठरतो. प्रथम मिळणारी मंजुरी तात्पुरती असते. तिच्यानुसार भूमी अभिलेख खात्याकडून जागेवर मोजणी होऊन हद्दी कायम होतात, आणि मगच अंतिम मंजुरीचा विचार होतो. अर्ज नाकारावयाचा झाल्यास कारणे लेखी द्यावी लागतात, आणि त्यावर चाळीस दिवसांच्या आत अपील करता येते. साठ दिवसांत काहीच निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र प्रस्ताव नियमांत बसणारा असला तरच. अधिकाऱ्याने अर्ज दाबून ठेवू नये आणि मालकाने या मुदतीचा गैरफायदाही घेऊ नये, अशी ही दुहेरी योजना आहे.

नकाशा तपासताना पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. माणदेश पर्जन्यछायेचा, दुष्काळाचा प्रदेश; त्यामुळे वर्षाचे बहुतेक दिवस कोरडा दिसणारा ओढा हा ओढा आहे हेच माणसे विसरतात. एखाद्या रात्री पाऊस कोसळला म्हणजे पाणी आपली जुनी वाट शोधीत येते. ती वाट बुजवून तिच्यावर घर उठले असेल, तर त्याची शिक्षा भूखंड विकणाऱ्याला होत नाही. घरात राहणाऱ्याला होते.

मंजुरीवाचून गुंठा-गुंठा विकण्याची प्रथा महाराष्ट्रात इतकी वाढली, की २००१ साली अशी गुंठेवारी नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींसाठी वाढविण्यात आली. शुल्क भरून कागद नियमित होतो. पण चार हातांची बोळ त्यामुळे नऊ मीटरांची होत नाही, आणि नसलेले मैदान कागदातून उगवत नाही.

म्हणून आयुष्याची पुंजी घालून भूखंड घेणाऱ्याने खरेदीखतापूर्वी अंतिम मंजूर नकाशा मागावा, त्यावरील आपला क्रमांक जागेवरील हद्दीच्या दगडांशी ताडून पाहावा, आणि मोकळी जागा कोणती हे पायांनी चालून पाहावे. वरील वीस भूखंडांची वसाहत पाचशे चौरस मीटरांची मर्यादा ओलांडते. तेव्हा २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे तिची महारेरात नोंदणी आहे काय, हेही विचारावे. विकणारा उत्तर द्यावयास टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजून परत फिरावे. घर पुढेही बांधता येते. परंतु शेजाऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्यावर न सोडलेला रस्ता कोणालाही सोडता येत नाही.