मार्टिनो यांचे आत्मचरित्र आणि जॉर्ज इलियट

हॅरिएट मार्टिनो यांनी मृत्यू समीप आल्याच्या समजुतीने १८५५ मध्ये लिहिलेले आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर, १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉर्ज इलियट यांना त्यातील बालपणाचा भाग हृदयस्पर्शी वाटला. मात्र एकंदर वाचनाने आत्मचरित्राविषयीच नावड निर्माण झाल्याचे त्यांनी पत्रात नमूद केले. आत्मगौरव व परनिंदा दोन्ही टळत असतील तरच असे लेखन समर्थनीय, ही त्यांची अट होती. वस्तुतः स्वतःच्या बालपणाचे अनुभव त्यांनी ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०) या कादंबरीत योजिले होते. तेव्हा आक्षेप आत्मानुभवाला नसून प्रथमपुरुषी निवेदनातून इतरांवर होणाऱ्या अन्यायाला होता. या मौनाचीही किंमत होतीच : १८८५ मध्ये पती जॉन क्रॉस यांनी त्यांच्या पत्रांतून व रोजनिशींतून चरित्र सिद्ध केले, काय ठेवावे, काय गाळावे, हा निर्णय त्यांचा राहिला नाही.