खांदा द्यायच्या आधी

आपल्या शहराच्या छावणी भागात कोणी गेल्याची बातमी आली की गल्लीला काही सांगावे लागत नाही. तिरडीचे सामान आणायला कोणीतरी निघतो, कोणी नातेवाइकांना फोन लावतो, जनाजा असेल तर अनोळखी माणूसही खांद्याला खांदा देत चार पावले चालतो, आणि संध्याकाळी शेजारून पिठले-भाकरीचा डबा येतो. हे सगळे बिनपगारी चालते आणि चोख चालते. पण त्याच माणसाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत, पाठीला जखमा झालेल्या असताना आणि बायकोला सलग दोन तास झोप मिळत नसताना, हीच गल्ली ‘काही लागले तर सांगा’ म्हणून दारातून परत जाते. उपशामक सेवेतला, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमधला स्वयंसेवक गल्लीची हीच ताकद थोडी आधी कामाला लावतो. तो दयाळू असावाच. पण त्याच्या कामाचे मोल आहे ते ठरल्या वारी, ठरल्या वेळी येण्यात, आणि ते जवळ राहणाऱ्यालाच जमते.

आपल्याकडे सुरुवात इमारतींपासून झाली. 1986 साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्यात शांती आवेदना सदन उभे केले. देशातले ते पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह. 1997 मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र आले. तेथे रुग्णासोबत घरचा माणूस राहतो, आणि जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची हे शिकूनच दोघे घरी जातात. खाटा असलेल्या केंद्रानेही अखेर घरच गृहीत धरले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या शहरात 2012 पासून आमखासजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, घाटीचे सरकारी रुग्णालयही आहे. पण उपचार थांबले की रुग्ण छावणीकडचा लोखंडी पूल ओलांडून आपल्या खोलीत परततो, आणि पुढचा काळ त्या खोलीतच काढायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना अशी सेवा लागते. मिळते ती जेमतेम 14 टक्क्यांना. एवढी तूट खाटा वाढवून भरून निघणारी नाही.

केरळात मलप्पुरम जिल्ह्याने 1990च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखले. आठवड्याला किमान दोन तास देणारा कोणीही यावा, प्रशिक्षण घ्यावे, आपल्याच भागातल्या रुग्णांकडे जावे. पाठीशी डॉक्टर आणि परिचारिका राहतील. 2008 मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरणच केले. अप्रशिक्षित हातांनी नुकसान होईल, ही शंका खरी आहे. म्हणूनच काय करायचे नाही, हे आधी शिकवतात. गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, कुठल्या बाबाचे औषध सुचवायचे नाही, ‘बरे व्हाल’ असे खोटे बोलायचे नाही. करायचे ते असे: कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने पुसायचे, गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवायच्या, घाटीतल्या रांगेत उभे राहायचे, आणि घरची बाई आंघोळ करून येईपर्यंत उशाशी बसायचे.

त्याहून अवघड हरकत दुसरीच आहे: शेजारी म्हणजे गल्लीभर बातमी. आजार लपवणारी घरे याच भीतीने दार लावून घेतात. याला उत्तर म्हणजे गुप्ततेचा कडक नियम, आणि आपली गल्ली सोडून दोन गल्ल्या पलीकडचे घर. छावणीत तेवढे अंतर पायी पाच मिनिटांचे. सरकारची जबाबदारी बिनपगारी माणसांवर ढकलली जाते, असेही म्हणतात. हा धोका आहेच. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची गरज असेल तेव्हा कितीही मायेचा हात पुरत नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते देण्याची वाट सोपी झाली, पण औषध ठेवणारे रुग्णालय आणि प्रशिक्षित डॉक्टर शासनानेच पुरवायला हवेत. स्वयंसेवक ती मागणी घराघरांतून पुढे आणू शकतो, शासनाची जागा घेऊ शकत नाही.

छावणीत कॅन्टोन्मेंट बोर्डाचे रुग्णालय आहे, आणि खांदा द्यायला धावणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांतल्या दहा जणांनी रुग्णालयाला भेटून आठवड्याचे दोन तास लिहून द्यावेत आणि आधी प्रशिक्षण मागावे.