काउंटरपाशी उभं राहून

पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या साओ बेन्तो स्थानकात लोकलमधून उतरतो आणि आमच्या चौघांच्याही माना वर जातात. छतापर्यंत निळ्या-पांढऱ्या टाइल्स. घोडेस्वार, भाले, वेढा पडलेलं शहर, नदीकाठची जत्रा. अशा चित्रांच्या टाइल्सना इथे आझुलेजो म्हणतात. या एका दालनात त्या वीस हजारांच्या आसपास आहेत, १९१६ पासून लोकांची ये-जा बघत. रोजचे प्रवासी मान वर न करता भराभर निघून जातात.

बाहेर ऊन आणि चढ. सॅकचे पट्टे खांद्यात रुततात. अरुंद इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, गॅलऱ्यांतून कपडे वाळताहेत. चढ संपता संपता बोल्याओ मंडई येते. आत शिरताच गारवा, आणि सुक्या बोंबलांच्या बाजारात येतो तसा वास. हा बाकाल्याऊ, खारवून वाळवलेला कॉड. पुठ्ठ्यासारख्या कडक, पसरट फाका रचून ठेवल्या आहेत. घरी नेल्यावर हा मासा दिवसभर, जाड असेल तर दोन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, मग चुलीवर चढवायचा. मासा मुख्यतः नॉर्वे-आइसलँडकडच्या थंड समुद्रातला, पण इथल्या घराघरांत त्याच्या वेगवेगळ्या पाककृती आहेत.

पलीकडे एक आजी हाताने फिरवायच्या यंत्रात हिरवी पानं घालते आहे. खालून दोऱ्यासारखी बारीक भाजी पडते. ही काल्दो वेर्दची तयारी. बटाट्याचं दाटसर सूप, त्यात ही पानं, वर ऑलिव्हचं तेल आणि सॉसेजची एक चकती. आमच्यातली एक शाकाहारी आहे. ती चकतीकडे बोट दाखवून मान हलवते. काउंटरमागच्या बाई हसतात आणि चकतीशिवायचा वाडगा पुढे सरकवतात. वाफाळतं सूप, भर उन्हाळ्यात. तरी वाडगा रिकामा होतो.

आम्ही बसत नाही. फुटपाथवरच्या छत्रीखाली बसलं की बऱ्याच ठिकाणी त्याच कॉफीचे जास्त पैसे पडतात. रेस्तराँच्या टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, लोणीही फुकट नसतात. हात लावला की बिलात येतात. काउंटरपाशी उभं राहून खाणं आमच्या खिशाला परवडतं. आणि खरं सांगायचं तर या देशाची ओळख मला तिथेच होते. शेजारी रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला कामगार, त्याच्या शेजारी टायवाला, पुढे पिशवी घेतलेली म्हातारी. सगळ्यांची कोपरं एकाच स्टीलच्या पट्टीवर.

मोठ्या कढईत डुकराच्या मांसाचे पातळ काप लसणाच्या तिखटसर रश्श्यात खदखदताहेत. चिमटा आत जातो, काप पावात पडतात, वरून रस्सा. झाली बिफाना. बोटांवरून ओघळ मनगटापर्यंत येतो. मित्र बोलायचं थांबला आहे. दुसरी मागवताना तो फक्त बोट वर करतो.

संध्याकाळी दोउरो नदीवरचा लोखंडी पूल चालून ओलांडतो. १८८६ चा पूल, दोन मजली. वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि पायांखालचं लोखंड थरथरतं. समोरच्या काठावर पोर्ट वाइनची जुनी कोठारं. खाली धक्क्यावर सार्डिनचा धूर.

लिस्बनची गाडी तीन तासांत पोचवते. इथले फुटपाथ चुनखडीच्या बारीक चौकोनी दगडांचे, झिजून गुळगुळीत. उतारावर पाय जपून टाकावे लागतात. मार्तिम मोनिझ चौकात २८ नंबरच्या ट्रामसाठी रांग आहे. पिवळी ट्राम येते, भरते, जाते. रांग तसूभर सरकते. आम्ही रांग सोडतो आणि शहराच्या बेलें भागातल्या पाश्तेलच्या दुकानात जातो.

तिथेही रांगच. पण बांधून नेणाऱ्यांची वेगळी असते आणि ती भरभर पुढे जाते. कागदी नळकांड्यात सहा पाश्तेल, म्हणजे मलई भरलेले छोटे टार्ट, सोबत पिठीसाखर आणि दालचिनीच्या पुड्या. वरचा थर जागोजाग करपलेला, कडा कुरकुरीत, आतली अंड्याची मलई जीभ भाजेल इतकी गरम. ही पाककृती शेजारच्या मठातून बाहेर आली असं मानतात, आणि १८३७ पासून हे पाश्तेल इथे विकले जातात. त्या मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेला पाच टक्के कर त्यावर खर्च झाला. मी कोरीव खांबांकडे बघत दालचिनी भुरभुरवते. पूर्वेकडचा व्यापार या दगडांत गेला आहे, हे खाताना सारखं मनात येत राहतं.

रात्री पुन्हा मार्तिम मोनिझजवळ, एका लहानशा कॅफेत. काचेच्या कपाटात कॉडच्या लांबट वड्या आणि त्यांच्या शेजारी तिकोनी, तळलेले सामोसे. इथे ते शमुसा नावाने कुठल्याही साध्या कॅफेत मिळतात. गोवा ४५१ वर्षं पोर्तुगीजांकडे होता. तिथली कुटुंबं लिस्बनला आली, काही मोझांबिकमार्गे, आणि सामोसा त्यांच्याबरोबर आला. काउंटरमागचा माणूस विचारतो, तिखट हवं? चौघंही एकदम हो म्हणतो. तो पिरी-पिरीची बाटली पुढे ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॉफी काढायला वळतो.